नाशिकच्या पाण्यात लुअरने मरळ धरताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

लुअर म्हणजे खोटे आमिष. गांडूळ किंवा कणकेचा गोळा लावून गळ टाकणारा माणूस एका जागी बसून माशाची वाट पाहतो. लुअर वापरणाऱ्याला मासा असेल तिथपर्यंत चालत जावे लागते आणि रबराच्या किंवा पत्र्याच्या तुकड्यात स्वतःच्या मनगटाने जीव भरावा लागतो. गेली काही वर्षे सुटीच्या दिवशी दारणेच्या फुगवट्यावर, दिंडोरी तालुक्यातल्या लहान बंधाऱ्यांवर आणि गोदावरीच्या संथ डोहांवर मी अशी मासेमारी करत आलो आहे. नव्याने सुरुवात करणारे बहुधा पहिल्याच भेटीत विचारतात, की लुअर कोणता घेऊ. माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. कोणत्या माशासाठी आणि कोणत्या पाण्यात, हे दोन प्रश्न आधी सुटले, तर लुअरचे उत्तर आपोआप मिळते.

आधी मासा ओळखावा

इंटरनेटवर लुअरविषयी जे व्हिडिओ आणि लेख सापडतात, त्यांतील बहुसंख्य बास या माशासाठी तयार झालेले असतात. बास हा मूळचा उत्तर अमेरिकेचा मासा आहे. त्याच्यामागे तिथे एवढा मोठा छंद उभा राहिला, की पोकळ रबरी बेडूक, स्पिनरबेट, मऊ प्लॅस्टिकची गांडुळे असे आपल्याकडे मिळणारे बरेचसे लुअर मुळात त्याच्याच सवयी पाहून घडवले गेले आहेत. नाशिकच्या पाण्यात बास नाही आणि तो इथे आणण्याचा विचारही कोणी करू नये. जपानमध्ये तो 1925 मध्ये सोडला गेला आणि पुढे तिथल्या मूळ माशांना त्याचा इतका उपद्रव झाला, की आज त्याच्यावर कायद्याने निर्बंध आहेत.

आपल्याकडे त्याची जागा मरळ भरून काढते. दोघांमध्ये साम्य पुष्कळ आहे. दोघेही दबा धरून शिकार करतात, गवताच्या कडेला, बुडालेल्या झाडाजवळ किंवा सावलीत थांबतात आणि बेडूक, लहान मासे यांवर एकदम झेप घेतात. म्हणूनच बासचे लुअर मरळीला चालतात. फरक मात्र ध्यानात ठेवायला हवेत. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो, तर मरळ बहुतेक वेळा भक्ष्य जबड्यात पकडते, दाबते आणि मग गिळते. बासचे दात खरकागदासारखे बारीक असतात आणि त्याचा खालचा ओठ अंगठ्याने धरता येतो. मरळीचे दात अणकुचीदार असतात, त्यामुळे व्हिडिओ पाहून तिच्या तोंडात अंगठा घालणाऱ्याची बोटे रक्तबंबाळ होतात. तिसरा फरक सर्वांत उपयोगाचा आहे. मरळीला कल्ल्यांच्या वर हवा घेणारा एक वेगळा अवयव असतो आणि पाण्यात कितीही प्राणवायू असला तरी तिला ठरावीक वेळाने वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. ती स्वतःचा पत्ता स्वतःच सांगते. आपण तो वाचायला शिकले पाहिजे.

परवानगी आणि जागा

धरणे आणि तलाव ही सार्वजनिक जागा असली, तरी तिथले मासे कोणाचेच नसतात असे समजणे चूक आहे. राज्यातील जलाशय मासेमारीसाठी ठेक्याने दिले जातात आणि हा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. संस्थेने पैसे मोजून बीज सोडलेले असते आणि त्यावर घरे चालतात. म्हणून पहिल्या फेरीत रॉड घरीच ठेवावा, काठावर जाळी दुरुस्त करणारी माणसे भेटतील त्यांच्याशी बोलावे, ठेका कोणाकडे आहे ते विचारावे आणि रीतसर परवानगी घ्यावी. मला पहिला धडा अशाच एका वयस्कर भोई काकांनी दिला. मी लुअरची पेटी उघडून त्यांना दाखवत होतो. त्यांनी ती पाहिली, झाकण लावले आणि म्हणाले, "बाळा, हे सगळं नंतर. आधी अर्धा तास पाणी बघ. मासा वर कुठं येतो ते बघ." त्या दिवशी मी त्यांचे ऐकले नाही आणि रिकाम्या हाताने परतलो.

काही ठिकाणी जाऊच नये. नांदूर मध्यमेश्वर हे पक्षी अभयारण्य आणि महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. तिथे दुर्बीण घेऊन जावे, रॉड नव्हे. रामकुंड परिसर श्रद्धेचा आहे. गंगापूर धरणातून शहराला पिण्याचे पाणी येते, त्यामुळे त्याची भिंत आणि पाणी उपसण्याच्या जागा वर्ज्य मानाव्यात. इतर कोणत्याही धरणाच्या सांडव्याजवळ उभे राहणे तर जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात विसर्ग सुटला की नदीची पातळी पाहता पाहता वाढते. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आले यावरून पूर मोजणाऱ्या नाशिककराला हे सांगायची गरज नसावी, तरीही विसर्गाची बातमी असताना नदीकाठी गळ टाकणारे मी दर वर्षी पाहतो.

द्राक्षबागांच्या शेततळ्यांविषयी स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते, कारण नवशिक्याला तीच जागा सर्वांत सोपी वाटते. बऱ्याच शेततळ्यांना प्लॅस्टिकचे अस्तर असते आणि बुडणाऱ्या लुअरचा एक तीनतोंडी गळ त्या अस्तरात रुतला, तर शेतकऱ्याचे उन्हाळ्याचे पाणी झिरपून जाऊ शकते. मालक ओळखीचा असला आणि त्याने आनंदाने हो म्हटले, तरी अस्तराच्या तळ्यात लुअर टाकू नये असे माझे ठाम मत आहे. तसेच उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरल्यावर मोकळ्या झालेल्या जमिनीवर गाळपेर केलेली असते. काठाकडे जाताना त्या पिकातून वाट काढू नये, लांबून वळसा घ्यावा.

रॉड, रील आणि दोरी

सुरुवातीला एकच रॉड पुरे. साडेसहा ते सात फूट लांबीचा, मीडियम हेवी ताकदीचा आणि 10 ते 30 ग्रॅम वजनाचे लुअर फेकता येतील असा रॉड निवडावा. हे आकडे हँडलच्या थोडे वर छापलेले असतात. त्यावर 2500 किंवा 3000 आकाराचे स्पिनिंग रील, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारे रील, लावावे. बासच्या व्हिडिओंत दिसणारे, रॉडच्या वर बसणारे बेटकास्टिंग रील देखणे असते आणि जाड दोरीसह गवतातून मासा खेचायला ते अधिक चांगलेही असते, पण फेकताना अंगठ्याचा दाब चुकला की दोरीचा असा गुंता होतो, की अर्धी सकाळ तो सोडवण्यात जाते. वर्षभर स्पिनिंग रील वापरून मगच तिकडे वळावे.

पैसे वाचवायचे असतील तर रॉडवर वाचवावेत, दोरी आणि गळ यांवर नाही. मी पहिल्यांदा एका दुकानातून रॉड, रील, दोरी आणि दहा लुअर असा तयार संच घेतला होता. रॉड अजून टिकून आहे. दोरी मात्र तिसऱ्याच सहलीत गाठीपाशी तुटली आणि गळ तोंडात घेऊन मासा गेला. तो मासा जगला की नाही हे मला कधीच कळणार नाही आणि त्याची बोच अजून आहे. तेव्हापासून मी 30 पाउंडांची, म्हणजे साधारण साडेतेरा किलोंचा ताण सोसणारी विणलेली दोरी वापरतो, जिला सगळे ब्रेड म्हणतात. ती ताणली जात नाही आणि तरंगते, त्यामुळे पानवेलींवरून लुअर ओढताना तिचा फायदा होतो. रीलवर भरताना मात्र आधी साध्या तंगुसाचे, म्हणजे एकपदरी नायलॉनच्या दोरीचे, दहाबारा वेढे घ्यावेत, नाहीतर गुळगुळीत ब्रेड स्पूलवर जागच्या जागी घसरत राहते. पुढच्या टोकाला हातभर जाड तंगूस जोडावा. मरळीचे दात आणि दगडांच्या कडा यांना तो ब्रेडपेक्षा चांगला पुरतो.

ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणानंतर रीलने दोरी सोडण्याची व्यवस्था. तो दोरीच्या ताकदीच्या साधारण एक चतुर्थांश ठेवावा. हाताने ओढून अंदाज घेण्याऐवजी लटकता काटा दोरीला बांधावा, साडेतीन किलोंच्या आसपास रील दोरी सोडू लागेल अशी चकती फिरवावी आणि घरीच ही तयारी करून निघावे.

एकच गाठ, पण पक्की

लुअर बांधायला पालोमार गाठ शिकावी. तंगूस दुमडून त्याचा दुहेरी पदर लुअरच्या कडीतून बाहेर काढावा, त्याच दुहेरी पदराची एक सैल साधी गाठ मारावी, पुढे उरलेल्या फासातून अख्खा लुअर पार करावा, मग गाठ ओली करून दोन्ही बाजू सावकाश ओढाव्यात. ओले करणे विसरू नये, कारण कोरडा तंगूस घासून तापतो आणि तिथेच कमजोर होतो. घरी बसून ही गाठ पन्नासदा बांधावी. पहाटेच्या अंधारात, थंडीने बोटे आखडलेली असताना तीच बांधायची आहे. ब्रेड आणि तंगूस जोडायला डबल युनी गाठ पुरते.

फेकण्याचा सराव गळ काढून टाकलेल्या लुअरने मोकळ्या मैदानावर किंवा सोसायटीच्या गच्चीवर करावा. जमिनीवर बादली ठेवून पंधरा पावलांवरून तिच्याजवळ लुअर टाकता आला पाहिजे. लांब फेकण्याचे नवशिक्यांना फार आकर्षण असते, परंतु मरळ बरेचदा काठापासून चारसहा हातांवरच असते आणि तिथे अचूकपणाच कामी येतो.

लुअर: चार पुरेत

माझ्या पेटीत एके काळी साठ लुअर होते. आज चार प्रकार असतात आणि मासे पूर्वीपेक्षा अधिक लागतात, कारण लुअर बदलण्यात जाणारा वेळ आता पाण्याकडे पाहण्यात जातो.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा म्हणजे पोकळ रबरी फ्रॉग. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो पानवेली आणि शेवाळ यांवरून न अडकता सरकतो. मासा चावला की रबर दबते आणि गळ उघडे पडतात. म्हणून विकत घेताना फ्रॉग दोन बोटांत दाबून पाहावा. तो अंगठ्याच्या हलक्या दाबाने सपाट होत नसेल, तर मरळीच्या जबड्यातही होणार नाही. गळांची टोके पाठीत रुतलेली असतील तर पकडीने ती किंचित, केसभर, वर उचलावीत. मागचे रबरी झुपके फार लांब असतील तर थोडे कापावेत, कारण लहान मरळ नुसते झुपके ओढून सोडून देते.

दुसरा स्पिनरबेट. वाकवलेल्या तारेच्या एका टोकाला फिरणारे पाते आणि दुसऱ्या टोकाला झुपक्याचा गळ, अशी त्याची रचना असते. 10 ते 14 ग्रॅमचा एक घ्यावा. पाऊस पडून पाणी चहासारखे झाले, की मासा डोळ्यांपेक्षा कंपनावर अधिक विसंबतो आणि तेव्हा या पात्याची थरथर उपयोगी पडते. तिसरा पाच ते सात ग्रॅमचा साधा स्पिनर, म्हणजे सरळ तारेभोवती फिरणारे पाते आणि मागे गळ. तो मोकळ्या पाण्यात सतत ओढायचा असतो आणि नवशिक्याचा धीर टिकवून ठेवतो, कारण त्यावर लहानसहान मासेही झडप घालतात. हलका असल्याने आपल्या रॉडने तो फार लांब जाणार नाही. चौथा म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा, वल्ह्यासारख्या शेपटीचा मासा, गळाचे टोक त्याच्याच अंगात लपवून लावलेला.

बासच्या जगात मऊ प्लॅस्टिकचे गांडूळ हे सर्वांत भरवशाचे मानले जाते. मरळीसाठी त्याला मी फारशी किंमत देत नाही. एका चाव्यात तिचे दात त्याची शेपटी तोडतात आणि तुटलेला तुकडा पाण्यात राहून जातो. तीनतोंडी गळांचे क्रँकबेट, म्हणजे ओढले की बुडणारे कडक प्लॅस्टिकचे मासेही, सुरुवातीला टाळावेत. आपल्या धरणांच्या तळाशी बुडालेली बाभळीची खोडे आणि काळे खडक असतात, त्यांत ते हमखास अडकतात. शिवाय इतके गळ माशाच्या तोंडातून आणि डोळ्याजवळून काढताना त्याला फार इजा होते.

रंगांच्या बाबतीत एवढेच सांगेन, की पाण्यावर चालणाऱ्या लुअरचे पोट पाहून तो घ्यावा, पाठ पाहून नव्हे. मासा खालून वर पाहतो आणि त्याला उजेडाच्या पार्श्वभूमीवर पोटाची आकृती दिसते. एक काळा आणि एक पांढऱ्या किंवा पिवळ्या पोटाचा, असे दोन फ्रॉग वर्षभर पुरतात. ढगाळ सकाळी आणि गढूळ पाण्यात मी काळा लावतो.

काठावर

उन्हाळ्यात उजाडण्यापूर्वी पोहोचावे आणि साडेआठनंतर सावली शोधावी. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो तसे पाणीही गार होते, मरळ सुस्तावते आणि तेव्हा अकरा ते तीन हीच वेळ बरी. लुअर मात्र उन्हाळ्याच्या निम्म्या वेगाने ओढावा. वर्षातले सर्वांत चांगले दिवस मला मार्च ते मे या काळात मिळाले आहेत.

पाण्यापासून दहा पावले मागे थांबावे. पायांचा धप्प आवाज जमिनीतून पाण्यात जातो आणि माणसाची सावली पाण्यावर पडली की काठची मरळ निघून जाते. अर्धा तास काही फेकू नये. पानवेलींमध्ये कुठे मोकळी जागा आहे, कुठे एखादे पान वारा नसताना हलते, कुठे बुडबुडा येऊन "पच्" असा आवाज होतो, हे पाहावे. तो आवाज हवेचा घोट घेणाऱ्या मरळीचा असू शकतो. त्याच जागी लगेच लुअर टाकू नये. दोन-तीन हात पलीकडे, पानांवर तो टाकावा, पानांवरून सरकवत मोकळ्या पाण्याच्या काठाशी आणावा आणि तिथे हलकेच पाण्यात उतरू द्यावा. मग थांबावे. पडलेल्या लुअरची वलये पूर्ण विरेपर्यंत थांबावे. त्यानंतर रॉडचे टोक वीतभर हलवून फ्रॉगला एक धक्का द्यावा, पुन्हा थांबावे. नवशिक्याच्या हातून सर्वांत जास्त चूक या थांबण्यात होते.

आणि मग पाणी फुटते. ज्याने ते पहिल्यांदा पाहिले त्याचा हात आपोआप वर जातो आणि फ्रॉग रिकामा उडून अंगावर येतो. माझेही सुरुवातीचे सात मासे असेच गेले; परत आलेल्या फ्रॉगच्या पोटावर दातांच्या बारीक टिंबांची कमान उमटलेली असायची आणि आत भरलेले पाणी दाबल्यावर पिचकारीसारखे उडायचे. उपाय असा की आवाजावर झटका देऊ नये, वजनावर द्यावा. पाणी फुटले की रॉडचे टोक माशाकडे झुकवावे, सैल दोरी गुंडाळून घ्यावी, मनात एक-दोन मोजावे, दोरीवर जिवंत ओढ जाणवली की दोन्ही हातांनी रॉड जोरात वर खेचावा. मरळीचे तोंड हाडाचे असते, त्यात गळ रुतायला ताकद लागते. स्पिनरबेट आणि स्पिनर यांना हा नियम लागू नाही. तिथे चावा जाणवताच खेचावे. एकदा मासा लागला की त्याला पानवेलींत खाली शिरू देऊ नये, त्याचे डोके वर ठेवून सलग ओढावे.

जून ते ऑगस्टमध्ये एक दृश्य दिसते. संथ पाण्यात एकाच ठिकाणी, घागरीच्या तोंडाएवढ्या जागेत, रिमझिम पडावी तसे बारीक ठिपके उठत असतात आणि नीट पाहिले तर खाली नारिंगी-लाल पिल्लांचा झुबका हवा घ्यायला वर येताना दिसतो. त्याच्या खाली आईबाप राखण करत असतात आणि ते भुकेपोटी नव्हे, तर पिल्लांच्या रक्षणासाठी समोर येईल त्यावर हल्ला करतात. तिथे लुअर टाकला तर मरळ जवळजवळ नक्की लागते. तिथे टाकू नये. राखणारे मासे गेले की तो झुबका पाहता पाहता इतर माशांच्या पोटात जातो. लोक हौसेने हीच जागा शोधत फिरतात, याचे मला मनापासून दुःख होते.

मासा हातात आल्यावर

लांब चोचीची पकड आणि ओला पंचा जवळ असल्याशिवाय पहिली फेक करू नये. माशाला गरम खडकावर किंवा मातीत ठेवू नये. हात ओले करून, ओल्या पंच्यात धरून, पकडीने गळ ज्या वाटेने गेला त्याच वाटेने मागे काढावा. घरी बसूनच गळांच्या काट्याचा उलटा दाता पकडीने चेपून ठेवला असेल तर हे काम काही सेकंदांचे असते. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते, म्हणून तिला हाताळताना निष्काळजीपणा होतो. प्रत्यक्षात तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून गेला, तर ती पोहून गेल्यानंतरही रोगाला बळी पडू शकते.

मासा खायला नेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. ठेकेदार संस्थेची मुभा असेल तर घरच्यांना पुरेल असा एक मध्यम मासा न्यावा, त्याचा रस्सा करावा. सर्वांत मोठी मादी मात्र सोडावी, पुढच्या वर्षीची पिल्ले तिच्याच पोटात असतात. महाशीर लागला तर तो अजिबात ठेवू नये. उलट आफ्रिकन मागूर लागला, ज्याच्या पालनावर आपल्याकडे बंदी आहे, तर तो परत पाण्यात सोडू नये. कुठे सुरुंग लावून किंवा विष टाकून मासे मारले जात असतील, तर ते 1897 च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून गुन्हा ठरले आहे, हे ठाऊक असावे आणि तसे दिसल्यास मत्स्यव्यवसाय विभागाला कळवावे.

निघताना काठावर तुटलेल्या तंगुसाचा एक तुकडाही राहू देऊ नये. संक्रांतीत येवल्यापासून नाशिकपर्यंत नायलॉनचा मांजा पक्ष्यांचे पंख आणि पाय कसे कापतो हे आपण पाहतो. काठावर पडलेला तंगूस बगळ्याच्या पायाला तेच करतो. मी पिशवीत एक रिकामी बाटली ठेवतो आणि स्वतःचे तसेच इतरांचे तुकडे तिच्यात कोंबतो. घरी आल्यावर फ्रॉग दाबून आतले पाणी काढावे, लुअर पेटीत बंद न करता रात्रभर कागदावर सुकू द्यावेत, ड्रॅगची चकती सैल करावी आणि वहीत तारीख, पाण्याचा रंग, वारा, चावा मिळाल्याची वेळ आणि नेमकी जागा लिहून ठेवावी. मासा लागला नसेल त्या दिवशी हे जास्त तपशिलाने लिहावे.